तळाची आई

सान्त'आगाता
१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय देल्फिना मावशी,

माय गेल्यावर तुम्ही पाठवलेलं कार्ड एप्रिलमध्येच मिळालं होतं. उत्तर द्यायला नोव्हेंबर उजाडला, याची मला लाज वाटते. दोनदा लिहायला बसले, दोन्ही वेळा अक्षर नीट आलं नाही म्हणून कागद चुलीत टाकला. मी वेलिया, तुमच्या बहिणीची, अर्जियाची मुलगी. तुम्ही लग्न करून तेर्नीला गेलात तेव्हा मी जन्मलेही नव्हते.

आधी एक खुलासा. या पत्रात मी तिला 'माय' लिहिते आहे. ती असती तर रागावली असती. छातीच्या दुखण्यामुळे मी शाळेत उशिरा गेले. लिहायला-वाचायला तिनेच स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. ती म्हणायची, "बोलताना माय म्हण, पण लिहिताना आई लिही. माय लिहितात ते अडाणी." पण आज मला पिंपाच्या तळाच्या आईबद्दल विचारायचं आहे, आणि एकाच पत्रात दोन आया झाल्या तर तुमचा गोंधळ होईल.

द्राक्षांचे घड टांगून झाले. स्वयंपाकघराच्या आणि मागच्या खोलीच्या तुळया भरल्या आहेत. ओकची लाकडं मी ओलसर ठेवते, म्हणजे जाळ कमी आणि धूर जास्त होतो. यंदा पहिल्यांदाच हे सगळं एकटीने केलं. माझ्या भावाला, दादाला, यातलं काही कळत नाही. बरोबर होतंय की नाही हे विचारायला कोणी नाही.

माझं लग्न ठरलं आहे. नदीपलीकडच्या ब्रुनाच्चींचा सावरो. लग्न मे महिन्यात. त्यांच्याही द्राक्षबागा आहेत, तेही आपल्यासारखी धुरावर सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन, विन सान्तो, करतात. पण उन्हाळ्यात त्यांच्या पिंपांतली आई आंबली आणि फेकून द्यावी लागली. तो जुना गाळ तळाशी नसेल तर वर कितीही चांगला रस ओता, विन सान्तो होत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार! सावरोची आई ओलिंपियाबाई म्हणतात, तुझ्याबरोबर अर्धी आई येणारच आहे, तर ती फेब्रुवारीतच दे, रस निघेल तेव्हा.

आपल्याकडची रीत अशी, की आधी मुलगी जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माहेरची माणसं आई घेऊन जातात. मायने मला एवढंच सांगितलं होतं. का ते सांगितलं नाही. रीत मोडली तर पाप लागतं का? आणि नाही मोडली, तर त्यांचं एक अख्खं वर्ष माझ्यामुळे बुडेल. तुमच्याशिवाय विचारावं असं आता कोणी मोठं उरलं नाही.

तुमची भाची,
वेलिया

---

तेर्नी
२६ नोव्हेंबर १९७८

चि. वेलिया,

मला 'तुम्ही' म्हणू नकोस. मी काय नोटरी आहे?

पत्र वाचून दोन गोष्टी वाटल्या. एक, पोरगी चांगली आहे. दोन, चार पानं लिहिली आणि सावरो कसा आहे त्याची एक ओळ नाही. दात आहेत का त्याला? बोलतो का? की त्याच्या वाटचंही त्याची आईच बोलते?

मी इथे तिसऱ्या मजल्यावर राहते. तुझे काका पोलादाच्या कारखान्यातून येतात तेव्हा त्यांच्या अंगालाही धुराचा वास असतो, पण त्यात द्राक्षं टांगता येत नाहीत.

आईचं म्हणशील तर तू चुकीच्या बाईला विचारते आहेस. माझ्या वाटची आई मला मिळालीच नाही. मी इथे आले त्या हिवाळ्यात अर्जियाला पत्र टाकलं होतं, की माझा वाटा दे, शेजारणीच्या गावी चूल आहे, तिथे पिंप ठेवीन. उत्तर आलं ते तारेने. 'आई गेली. काय करायचं ते तू ठरव.' बस्स. गाळ मेला, आता तुझं तू बघ. मी बघितलं. मी ठरवलं, की आता त्या घराचं तोंड पाहायचं नाही.

आणि त्याच हिवाळ्यात माझी आणि अर्जियाची माय, तुझी आजी, वारली, ते मला कधी कळलं माहीत आहे? ईस्टरला, बाजारात भेटलेल्या एका परक्या बाईकडून. तुझ्या मायने पिंपातल्या गाळासाठी तार केली आणि जन्म देणाऱ्या मायसाठी एक ओळ लिहिली नाही. तू तिची मुलगी आहेस, तुला हे वाचून वाईट वाटेल. वाटू दे.

तर मला सांग, आई तेव्हाच मेली होती तर तुमच्या पिंपांत आता आहे ती कोणाची? उसनी आणली?

रीतीमागचं कारण माझ्या मायने मला सांगितलं होतं. आठवून लिहिते. तोवर कोणाला काही देऊ नकोस.

मावशी

---

सान्त'आगाता
८ डिसेंबर १९७८

प्रिय मावशी,

तुझं पत्र आल्यापासून माझं कामात लक्ष लागत नाही. हे लिहावं की लिहू नये, याचा मी खूप विचार केला. न लिहिणं म्हणजे खोटं बोलणं होईल, म्हणून लिहिते.

आपल्या पिंपातली आई कधीच मेली नव्हती. ती आजीचीच आहे. मायने ती एक हिवाळाही रिकामी ठेवली नाही.

माय आम्हाला नेहमी सांगायची, "आजी गेली तेव्हा बर्फ पडलं होतं. मी देल्फिनाला तार केली. भांडण झालेलं, म्हणून 'ये' असं लिहवलं नाही माझ्याच्याने, तिच्यावर सोडलं. ती आली नाही." फादर दफनासाठी घाई करत होते. माय म्हणाली, अजून थोडं थांबा, शेवटची गाडी येऊ द्या. सगळे बर्फात उभे राहिले.

मावशी, तार एकच होती. माय लिहिताना 'आई' लिहायची.

तिला तुझं वाट्याचं पत्र तेव्हा मिळालं होतं की नाही, मला माहीत नाही. मी तुला दुखवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. तुला एकटीला मायवर रागावलेलं ठेवणं मला बरोबर वाटलं नाही. आता हे सांगणं तरी बरोबर होतं की नाही, हेही कळत नाही.

तू रीतीचं कारण लिहिणार होतीस. जमलं तर जानेवारी संपायच्या आत लिही. मी कोणाला काही दिलेलं नाही.

सावरोला दात आहेत. बोलतो कमी.

वेलिया

---

सान्त'आगाता
२२ जानेवारी १९७९

प्रिय मावशी,

तुझं पत्र नाही. मी रागावलेले नाही, फक्त काळजी वाटते.

रविवारी ओलिंपियाबाई चर्चमधून थेट आमच्याकडे आल्या. सावरोही होता. मी मायच्या हातची विन सान्तो काढली आणि बदामाची बिस्किटं पुढे ठेवली. दादाचा एक पाहुणा बिस्किट ग्लासात बुडवायला लागला, तशा त्या म्हणाल्या, "अहो, बुडवू नका! ही काय शहरातली, फिरेंझेची वाइन आहे? वेलिया, जुनं चीज आण. आणि हंसाच्या काळजाचा लेप असेल तर भाजलेल्या पावावर लावून आण. धुराच्या चवीला सोबत खारटच हवं. तुझ्या मायला हे सांगावं लागत नव्हतं."

मी आणलं. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि मग म्हणाल्या, "मग? काय ठरलं आपलं?"

मी म्हटलं, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दादा घेऊन येईल. रीत आहे तशी."

"रस फेब्रुवारीत निघणार, तू मे महिन्यात येणार. मधले महिने रस काय चर्चच्या बाकावर बसून राहील?"

सगळे हसले. दादाही हसला. दादा म्हणाला, "देऊन टाक गं. नाहीतरी ती अर्धी जाणारच आहे. आणि उरलेल्या अर्धीचंही काय करायचं ते मला बघू दे." त्याने फिरेंझेहून एक तज्ज्ञ आणला आहे. तो म्हणतो धूर हा वाइनचा दोष आहे, बाहेरचं गिऱ्हाईक वास घेऊन विचारतं, चिमणी कधी साफ केली होती. दादाने निम्मे घड माझ्या तुळयांवरून काढून वरच्या हवेशीर माळ्यावर नेले. बागा त्याच्या नावावर आहेत. आई माझ्याकडे आली आहे, पण आईला कागद नसतो.

निघताना सावरो अंगणात थांबला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

मावशी, या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर कसं देतात? रीत पाळायची असं म्हटलं, की त्याचा अर्थ त्याच्यावर संशय असाच होतो. आणि माझा संशय नाही. निदान मला तसं वाटतं. मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं.

मी आणखी थोडे दिवस वाट पाहते. नुसतं 'दे' किंवा 'देऊ नकोस' एवढं लिहिलंस तरी चालेल.

वेलिया

---

सान्त'आगाता
९ फेब्रुवारी १९७९

प्रिय मावशी,

काल दिली.

त्यांचा रस निघाला होता, टपात उघडा पडला होता. सावरो स्वतः आला. मी मायचं पिंप उघडलं, वरची वाइन काढून घेतली. तळाशी आई होती, काळपट, जाड, काकवीसारखी. दोन भाग केले. अगदी सारखे. मग आपल्याकडे थोडी जास्त राहिली असं वाटलं, म्हणून आणखी एक पळी त्यांच्यात घातली. काचेच्या मोठ्या बरणीला मायची शाल गुंडाळून दिली, थंडीने आई दचकते म्हणून.

मी सावरोला म्हटलं, "पोचल्यावर लगेच शाल काढू नका."

तो म्हणाला, "बरं."

तुझ्या पत्राची वाट पाहिली. पण तुझ्यावर काही ढकलत नाही. निर्णय माझाच आहे.

वेलिया

---

तेर्नी
१४ फेब्रुवारी १९७९

वेलिया,

देऊ नकोस. तुझं जानेवारीचं पत्र आज पुन्हा वाचलं, आणि हे आज टपालात टाकते आहे.

दोन महिने मी तुझी पत्रं उघडून तशीच ठेवली. राग आधी अर्जियावर आला, मग त्या तारेवर, मग शिकलेली बाई म्हणून 'माय' लिहायला लाजणाऱ्या तिच्या त्या सवयीवर. शेवटी उरला तो तुझ्यावर, कारण तू जिवंत आहेस आणि तूच सांगितलंस. लोक बर्फात माझ्यासाठी उभे होते. तार आली त्या शनिवारी मी इथे काय करत होते ते मला चांगलं आठवतं. मी पडदे शिवत होते.

ते असू दे. रीतीचं कारण असं. माझी माय म्हणायची, "पिंप भरलं की त्यांना मुलीची घाई उरत नाही." तिच्या वडिलांच्या बहिणीचं तसं झालं होतं. आई आधी गेली, आणि लग्न पुढे, आणखी पुढे, मग विषयच नाही. परत मागायची सोय नसते, कारण परत द्यायला वेगळं काही उरतच नाही.

माझा सावरोवर राग नाही. मी त्याला पाहिलेलाही नाही. पण 'तुझा विश्वास नाही का' असं विचारणाऱ्याला त्याचं उत्तर नको असतं, बरणी हवी असते.

तुझ्या लग्नाला मी येईन. शब्द देते.

मावशी

---

सान्त'आगाता
२६ फेब्रुवारी १९७९

प्रिय मावशी,

तुझं पत्र आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना भेटली असतील.

तू काळजी करू नकोस. ओलिंपियाबाईंनी निरोप पाठवला, रस छान धरला, पिंपं सीलबंद केली. लग्न मात्र मे महिन्यात नाही, द्राक्षतोडणीनंतर करू म्हणाल्या. सावरोच्या मामांच्या घरी आजारपण आहे. कारण खरं आहे. मी चौकशी केली.

वेलिया

---

तेर्नी
२० एप्रिल १९८३

वेलिया,

चार वर्षं तू मला द्राक्षांबद्दल लिहिते आहेस. गारा पडल्या, गारा पडल्या नाहीत, माळ्यावर घड सुकले, दादाला मुलगा झाला. सावरोचं नाव तुझ्या पत्रांतून कधी गेलं ते मला कळलंही नाही, इतकं बेमालूम काढलंस.

काल सान्त'आगाताची एक बाई इथल्या दवाखान्यात भेटली. ती म्हणाली, ब्रुनाच्चींच्या मुलाने दोन वर्षांपूर्वीच सानसेपोल्क्रोच्या औषधवाल्याच्या मुलीशी लग्न केलं. चर्चमध्ये तू पुढून तिसऱ्या रांगेत बसली होतीस म्हणे. आणि या वसंतात वाइनच्या परीक्षेत काहीतरी झालं, तुझा भाऊ तुझ्याशी बोलत नाही. काय झालं ते तिला नीट सांगता आलं नाही, पण सांगताना ती हसत होती, एवढं मी पाहिलं.

तुझे काका जाऊन आता वर्ष होईल. एक खोली रिकामी आहे. इथे कोणी वाइनची चर्चा करत नाही. आईची जी अर्धी तुझ्याकडे आहे, तिच्यातली थोडी घेऊन ये, नाहीतर नुसती तू ये. मी स्टेशनवर येईन. यावेळी तारेची भानगडच नको, फोन कर, खालच्या बारमध्ये मला हाक मारतात.

मावशी

---

सान्त'आगाता
८ मे १९८३

प्रिय मावशी,

तू विचारलंस, म्हणून सगळं सांगते. खोटं काही लिहिलं नव्हतं तुला. फक्त लिहिलं नव्हतं. यात फरक आहे का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मार्चमध्ये चित्ता दि कास्तेल्लो गावात खोऱ्यातल्या सगळ्या घरांची विन सान्तो चाखायला ठेवली होती. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची पिंपं यंदा उघडली. ग्लासांवर फक्त आकडे. परीक्षक म्हणून प्रत्येक घरची एक बाई. समोर भाजलेला पाव, हंसाचं काळीज, मेंढीचं जुनं चीज आणि फादरांच्या हट्टापायी बिस्किटंही.

दुसरा ग्लास आमचा होता. पिवळा, स्वच्छ, गोड. घशाखाली गेला आणि मागे काहीच राहिलं नाही. माळ्यावरचे घड, त्यांना धूर पुरेसा लागलाच नव्हता. चौथा ग्लास उचलला आणि ओठाला लावायच्या आधीच मला कळलं. आधी धूर, मग अक्रोड, मग ती कडवट गोडी जी चीजवर चढून बसते. मायची. सबंध मायची. मी ग्लास खाली ठेवून पुन्हा उचलला, नीट खात्री व्हावी म्हणून.

मतं सारखी पडली. अध्यक्ष म्हणाले, "सिन्योरिना वेलिया, तुमचं राहिलंय. दोन की चार?"

दादा समोर बसला होता. ओलिंपियाबाई त्याच्या पलीकडे. दादाने मान अगदी थोडी खाली केली, म्हणजे 'दोन'. मावशी, मी खरंच प्रयत्न केला. तोंड उघडलं, 'दोन' म्हणायला जीभ वळेना. चौथी चांगली होती. ती चांगली होती म्हणून मी चार म्हटलं.

गाडीत दादा म्हणाला, "परक्याच्या ग्लासाला मत दिलंस."

मी म्हटलं, "परका नव्हता तो, दादा."

"मग जा ना तिकडेच. तुझ्या जिभेला घर नाही."

वहिनी म्हणाली, "अहो, तिला एकदा ते घर मिळालं असतं तर आपल्याला एवढा त्रास झाला नसता." ती विनोदाने म्हणाली. ती मनाने वाईट नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी बाजारात गेले होते. परत आले तेव्हा अंगणात सगळी पिंपं उताणी पडली होती. दादाने आणि तज्ज्ञाने ती उकळतं पाणी आणि सोडा घालून धुतली होती. नव्याने सुरुवात करायची, स्वच्छ. नालीत काळपट पाणी होतं. मी बादली घेऊन धावले, पण सोड्याचा फेस इतका होता की त्यात काही वाचवण्यासारखं उरलं नव्हतं. म्हणून तुला पाठवायला, मावशी, माझ्याकडे काही नाही. नाहीतर नक्की आणलं असतं.

मग मी ते केलं जे करायचं नसतं. नदी ओलांडून ब्रुनाच्चींकडे गेले. एक बरणी परत मागितली.

ओलिंपियाबाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी मला बसवलं, एक ग्लास दिला. मग म्हणाल्या, "मळलेल्या कणकेतून खमीर परत काढतं का गं कोणी? आता ती आमची झाली. पण तू बोललीस त्या दिवशी, ते मी विसरणार नाही. अख्ख्या खोऱ्यात तेवढी एक जीभ आहे. माझे गुडघे गेले. सूनबाईला धुराने शिंका येतात, ती मागच्या खोलीत पायही ठेवत नाही. तुळयांवर नजर ठेवणारं, जाळ कमी-जास्त करणारं, पिंपावर कान लावून ऐकणारं कोणी हवं. तू ये. रोज ये. घरचीच समज."

मी सावरोबद्दल विचारलं नाही. तो आत होता, रेडिओ लावलेला ऐकू येत होता. तो बाहेर आला नाही. बरं झालं.

मावशी, तू बोलावलंस, त्याबद्दल मी तुझी फार आभारी आहे. तुझ्या खोलीत मला झोप लागली असती. पण तेर्नीत मी काय करणार? तिथे मला कशाचंच काही कळत नाही. इथे निदान एक गोष्ट कळते, आणि ती गोष्ट आता जगात एकाच घरात उरली आहे. ते घर त्यांचं आहे, हा तिचा दोष नाही. तिला कोणी विचारलं नव्हतं. आणि तिला धूर हवा, नाहीतर तीही मरेल. त्या सुनेच्या भरवशावर मी तिला कशी सोडू? तूच सांग. नको, सांगू नकोस. मागच्या वेळी मी तुझ्या उत्तराची फार वाट पाहिली. यावेळी मी आधीच होकार देऊन आले आहे.

गेल्या सोमवारपासून जाते. घड टांगायला अजून वेळ आहे, आता फक्त पिंपं बघायची असतात. पहिल्या दिवशी मी पुढच्या फाटकातून जायला लागले, तर सूनबाई खिडकीतून म्हणाल्या, "इकडून नको गं, इथे वाइन चाखायला पाहुणे बसतात." तेव्हापासून मी मागच्या दाराने जाते. खरं तर तेच सोयीचं आहे. धुराची खोली तिथूनच जवळ पडते.

तुझी,
वेलिया